खापराचा पत्ता

वहिनी गेल्या त्या सकाळी माझ्या फोनवर पहिला निरोप आला, तो सांत्वनाचा नव्हता. ‘मॅडमचा एखादा हसरा फोटो तातडीने पाठवावा. मागची बाजू प्लेन असावी. फ्लेक्सला लागतो आहे.’ आणि खाली जोडलेले हात. मी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो, पुतणी मुग्धा आत कागदांवर सह्या करत होती, वहिनींना अजून घरीही आणलं नव्हतं. निरोप पाठवणारे गृहस्थ म्हणजे नाशिकजवळच्या एका गावातल्या उद्यान समितीचे अध्यक्ष. वहिनींच्या आयुष्यातलं शेवटचं काम ज्यांनी मातीत घातलं, तेच हे. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात हे ऐकून होतो, पण ती लोणी खाण्याआधी फोटोही मागतात हे मला त्या दिवशी कळलं. मी उठून नळावर गेलो आणि तोंडावर पाणी मारलं.

गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं असा आपल्याकडे रिवाज आहे. वहिनींबद्दल गोड लिहायला मला कष्ट नाहीत. पण त्यांच्याबद्दल लिहायचं तर त्या टेकाडाबद्दल लिहावं लागतं, आणि टेकाडाबद्दल गोड लिहिणं मला जमणार नाही. वाचकांनी समजून घ्यावं. नाही घेतलं तरी माझी हरकत नाही, या वयात माझा स्वभाव काही बदलत नाही.

नलिनीवहिनी माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. लग्न होऊन आमच्या घरी आल्या तेव्हा एम.ए. झालेल्या होत्या आणि उत्खननांवर जाऊन आल्यामुळे हात गड्यासारखे राठ होते. नव्या सुनेचे हात बघून आईचा चेहरा उतरला होता. लग्नानंतर आठवड्याभरातच आम्ही सगळे दिंडोरीजवळ मामांच्या मळ्यात जेवायला गेलो. द्राक्षाच्या बागेच्या कडेनं चालताना वहिनी एकदम थांबल्या, वाकल्या आणि जमिनीकडे निरखून बघायला लागल्या. आईला वाटलं, कानातली कुडी पडली. तिनं आरडाओरडा केला, आणि मामा, मामी, मामांचे दोन गडी, दादा, मी असे सगळे त्या काळ्या रानात वाकून कुडी शोधायला लागलो. बराच वेळ झाल्यावर वहिनींनी विचारलं, ‘काय हरवलंय?’ कुड्या दोन्ही कानांत होत्या. त्या नुसतं एक खापर बघत होत्या, फुटक्या मडक्याचा तुकडा! आईनं कपाळाला हात लावला. मामी हसून हसून बांधावर बसली. वहिनींनी मात्र ते खापर उलटसुलट करून पाहिलं आणि जिथून उचललं तिथंच, जसं होतं तसंच, पुन्हा ठेवून दिलं.

मी विचारलं, ‘एवढं आवडलंय तर घ्या ना घरी.’

‘ते इथलं आहे, भाऊजी,’ त्या म्हणाल्या. ‘घरी नेलं की नुसतं खापर राहील.’

त्यांचं म्हणणं त्या वेळी घरात कुणालाच उमगलं नाही, पण मला थोडंसं उमगलं. मी ओझरला विमानांच्या कारखान्यात तपासणी विभागात होतो. आमच्याकडे प्रत्येक पान्याची जागा फळ्यावर त्याच्याच आकारात रंगवलेली असायची. संध्याकाळी एखादी आकृती रिकामी दिसली, की तो पाना सापडेपर्यंत विमान जागचं हलायचं नाही. नुसता पाना काही सांगत नाही. तो कुठे नाही, यावरून सगळं कळतं. वहिनींना मी हे सांगितलं तेव्हा त्या एवढ्या खूश झाल्या की पुढे वर्षानुवर्षं कॉलेजातल्या मुलांना ‘आमच्या भाऊजींचा फळा’ म्हणून समजावत राहिल्या. घरात आमचं दोघांचं असं एक वेगळंच मेतकूट होतं. दादा म्हणायचा, ‘तुमच्या दोघांत मी उगाच आलो, तुम्ही सगळं जागच्या जागी ठेवत बसा.’ दादा गेल्यावर वहिनी एकट्या राहिल्या. मुग्धा पुण्याला. मी त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर. सकाळचा चहा वर आणि संध्याकाळचा खाली, असं आमचं ठरूनच गेलं होतं.

निवृत्तीनंतर त्या तशा गप्पच झाल्या होत्या. मग तीन-चार वर्षांपूर्वी ते टेकाड आलं. नाशिकपासून फार लांब नाही, झपाट्यानं वाढणारं गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की लगेच शाल-श्रीफळ घेऊन दारात उभे राहतील. गावाच्या कडेला ओहोळ वळसा घेतो तिथे एक बुटकं, पसरट टेकाड होतं. गावात त्याला ‘पांढर’ म्हणत. जुन्या बायका भिंतींना आणि चुलीला लावायला तिथली पांढरट माती आणत, आणि आणताना मातीतली खापरं तिथंच झटकून टाकत. शेतात अशी राखट माती आपोआप होत नाही. पिढ्यान् पिढ्या माणसं राहिली, चुली पेटल्या, भिंती ढासळल्या, त्यावर पुन्हा घरं उठली, की पांढर होते. वहिनींचा अंदाज पार सातवाहनांच्या काळापर्यंत जात होता. आणि त्या जागेवर आता सार्वजनिक उद्यान व्हायचं होतं.

उद्यानाला वहिनींचा विरोध नव्हता, हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण नंतर ‘बाईंचा विकासाला विरोध होता’ असंही बोललं गेलं. गावातल्या म्हाताऱ्यांना बसायला चार बाकं हवीत, पोरांना झोपाळे हवेत, हे त्यांना मान्यच होतं. त्यांचं एवढंच म्हणणं होतं, की मशीन लावण्याआधी टेकाड एकदा नीट चालून बघू द्या. वर कुठल्या प्रकारचं खापर कुठे दाट पडलंय हे कळलं, की खाली घरं कुठे, भट्टी कुठे, उकिरडा कुठे याचा अदमास येतो. मग झोपाळे भट्टीवर न घालता चार हात बाजूला घाला. एवढी साधी गोष्ट होती.

जागा बघायला गेलो तेव्हा मलाही बरोबर घेतलं. माथ्यावर एक वेडंवाकडं बोरीचं झाड होतं, तिथून खालची विहीर आणि मारुतीच्या देवळाचा कळस दिसायचा. त्याच्या बुंध्याशी मला एक तांबडं खापर दिसलं. मडक्याच्या काठाचा तुकडा, आणि त्यावर अंगठ्याचा ठसा. ओल्या मातीत कुणीतरी काठ दाबताना उमटलेला. माझा अंगठा त्यात बरोबर बसला... दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणीतरी माझा हात धरल्यासारखं झालं, आणि मी भान न राहून ते खिशात टाकलं. वहिनी माझ्याकडे बघतच होत्या. त्यांनी नुसती भुवई वर केली. मी निमूटपणे ते काढलं. ‘ठसा वर होता,’ त्या म्हणाल्या. ‘टोक विहिरीकडे.’ मी तसं ठेवलं.

समितीची माणसं वहिनींच्या घरी बैठकीला आली, तो दिवस मला आजही लख्ख आठवतो. अध्यक्ष पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, बोटांत अंगठ्या, वागायला अतिशय गोड. टेबलावर वहिनींनी टेकाडाचा मोठा नकाशा पसरला होता, चौकोन पाडलेला. फक्कीनं रेघा कशा मारायच्या, मुलं हाताच्या अंतरावर रांगेनं कशी चालतील, खापर न उचलता शेजारी चिंधीचं निशाण कसं लावायचं, सगळं त्यांनी समजावलं. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तेव्हा वहिनींनी फराळाच्या बशीतले खारे दाणे मूठभर घेतले आणि नकाशावर विखरून टाकले.

‘हे बघा, या कोपऱ्यात दाणे दाट पडलेत, इथे एकही नाही. यावरून मला काहीतरी कळतं. आता कुणी हे गोळा केले, तर दाणे तेवढेच राहतील, पण मला काही कळेल का?’

‘नाय कळनार,’ अध्यक्ष मान डोलावत म्हणाले. ‘बरोबर हाय मॅडम. एकदम पटलं.’ आणि बोलता बोलता त्यांनी नकाशावरचे सगळे दाणे हातानं गोळा करून तोंडात टाकले.

आम्ही हसलो. मी तर मोठ्यानं हसलो. आज त्या हसण्याचीच मला शिसारी येते.

पुढचे दोन-तीन महिने वहिनी वीस वर्षांनी तरुण झाल्या होत्या. पावसानं वाढलेलं गवत वाळलं की काम करायचं, म्हणजे जमीन उघडी दिसते, असं ठरलं. मी बांबूच्या खुंट्या तासून दिल्या. जुन्या साड्यांच्या चिंध्या फाडून आमच्या हिनं निशाणं शिवली. तांबड्या खापराला तांबडं, काळ्याला निळं. कॉलेजची मुलं इमारतीच्या पार्किंगमध्ये रांगेनं चालायचा सराव करत आणि वॉचमन त्यांच्याकडे वेड्यांकडे बघावं तसा बघत राही. तारीख मात्र सारखी पुढे जात होती. आधी भूमिपूजन व्हायचं होतं, भूमिपूजनाला मंत्री यायचे होते आणि मंत्र्यांना वेळ नव्हता. वहिनी म्हणायच्या, ‘जाऊ दे भाऊजी, पांढर कुठे पळून चाललीय?’

शेवटी तारीख मिळाली. आम्ही सकाळी सकाळी दोन गाड्या करून निघालो. खुंट्या, फक्कीची पोती, निशाणं, पाण्याचे जार, सगळं घेतलेलं. टेकाडाच्या पायथ्याशी मांडव दिसला. मांडवावर फलक: ‘स्वच्छता व सर्वेक्षण अभियान’. वहिनींच्या नावाआधी तीन विशेषणं आणि नावात चूक. आणि मांडवात एका ओळीत, तोंडं सुतळीनं शिवलेली सिमेंटची गोणपाटं... प्रत्येकावर झेंडूचा हार.

अध्यक्ष हात जोडून पुढे आले. ‘मॅडम, तुमचा सगळा तरास वाचवला बघा. तुमच्या पोरांना चार-पाच दिस उन्हात वाकावं लागलं असतं. आमच्या बचत गटाच्या बायांनी एका दुपारात अख्खं टेकाड झाडून खापर न् खापर वेचून दिलं. धुऊन बी दिलंय.’

मी टेकाडाकडे पाहिलं. खराट्याच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. सणाच्या आदल्या दिवशी अंगण झाडावं तसं झाडलं होतं. गवतही काढलं होतं. एवढं चकचकीत काम त्या समितीनं आधी कधी केलं नसेल, नंतर तर नाहीच.

कुणाच्या मनात पाप नव्हतं, असं मला पुढे अनेकांनी समजावलं. नसेलही. पण मूर्खपणाला हार घातला म्हणून तो काही पूजेला लागत नाही. आणि एवढं समजावून सांगितल्यावर, मान डोलावल्यावर, ‘पटलं’ म्हटल्यावर केलेला मूर्खपणा हा नुसता मूर्खपणाही नसतो. ती बेपर्वाई असते. आपण ऐकलं नाही तरी चालतं, समोरची बाई मास्तरीण आहे, फोटो काढला की खूश होईल, ही बेपर्वाई.

मला वाटलं, वहिनी आता चांगलं खडसावतील. त्यांनी प्यायला पाणी मागितलं. मग बोरीपाशी गेल्या, बुंध्याशी बघून आल्या. तिथेही काही नव्हतं. मांडवात परत आल्या तेव्हा एका वयस्क बाईनं त्यांचा हात धरला आणि कौतुकानं सांगितलं, ‘बाई, लय निगुतीनं धुतली बरं का. एक बी फुटू दिलं नाय.’

‘छान धुतलीत,’ वहिनी म्हणाल्या. त्या बाईच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला. ‘कुठलं कुठून उचललं, काही आठवतं का हो?’

‘आता काय सांगू बाई... समदीकडूनच की.’

अध्यक्ष हार घेऊन जवळ आले तेव्हा वहिनी फक्त एवढंच म्हणाल्या, ‘अध्यक्ष, तुम्ही त्या दिवशी दाणे खाल्लेत, तेव्हाच मला कळायला हवं होतं.’

‘खाल्ले ना मॅडम!’ ते खळखळून हसले. ‘लय चवीचे होते.’

मग फोटो झाला. वहिनी मधे, हातात गोणपाटाचं तोंड, दोन्ही बाजूंना समिती. त्या फोटोत मी नाही. मी गाडीत जाऊन दार आपटून बसलो होतो, आणि मुलं खुंट्या हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभी होती.

तरीही वहिनींनी हार मानली नाही. वरचं गेलं तरी जमिनीखालचं शाबूत असेल, निदान चार ठिकाणी चाचणीचे खड्डे घेऊ द्या, म्हणून त्या मागे लागल्या. समितीनं नाही म्हटलं नाही. ही माणसं कधीच नाही म्हणत नाहीत. ‘करू ना मॅडम’ म्हणाले. आणि जॉगिंग ट्रॅक सपाट हवा म्हणून माथा मशीननं खरवडून ओहोळात लोटून झाल्यावर खड्ड्यांना परवानगी आली. वरातीमागून घोडं म्हणतात ते याला. कागदोपत्री मात्र ‘सर्वेक्षण अभियान पूर्ण, अवशेष तज्ज्ञांकडे सुपूर्द’ असं नोंदलं गेलं. त्यात खोटं काहीच नाही, आणि मला सगळ्यात किळस येते ती याची. आयुष्यभर मी सुटे भाग तपासले. नापास झालेल्या भागावर आम्ही तांबडा रंग मारायचो, म्हणजे तो चुकूनसुद्धा विमानाला लागू नये. इथे नापास भागालाच हार घालून फोटो काढतात.

गोणपाटं वहिनींच्या गॅलरीत आली. कपडे वाळत घालायची दोरी आत घ्यावी लागली. पुढची दीड-दोन वर्षं, आजारपण सुरू झाल्यावरही, त्या रोज दुपारी तिथे पाटावर बसून खापरं निवडायच्या. हे झाकणाचं, हे रांजणाचं, हे दिव्याचं. मी म्हणायचो, ‘आता कशाला, वहिनी?’ एकदा त्या म्हणाल्या, ‘भाऊजी, नावं सगळ्यांची कळताहेत. पत्ते गेले.’ आणि थोडं थांबून म्हणाल्या, ‘एकाचा मात्र ठाऊक आहे आपल्याला. तुमच्या अंगठ्याच्या खापराचा. तेवढं सापडलं तर परत नेऊन ठेवू.’

तेव्हापासून निवडताना त्या खरं तर तेच शोधत होत्या. मी वर गेलो की विचारायच्या, ‘हे बघा, बसतोय का अंगठा?’ कधीच बसला नाही. शेवटी शेवटी बोटांत जोर राहिला नाही, तेव्हा मी एकेक उचलून त्यांना दाखवायचो आणि त्या मानेनं नाही म्हणायच्या. दोन गोणपाटं शेवटपर्यंत उघडायची राहिली.

तेराव्यानंतर मुग्धा घर आवरत होती. ‘काका, आईच्या या खापरांचं काय करू?’ असं विचारून रडायलाच लागली बिचारी. मी तिला खाली चहाला पाठवलं आणि पाटावर बसून राहिलेलं एक गोणपाट उघडलं. फार शोधावंही लागलं नाही... वरच्याच थरात होतं. अंगठा बसला. मी ते मुठीत धरून तसाच बसून राहिलो. महिनाभर आधी सापडलं असतं तर काय बिघडलं असतं? पण तेवढीही दया कुणी दाखवत नाही.

दोन आठवड्यांनी उद्यानात शोकसभा झाली. मी गेलो ते भाषणं ऐकायला नाही. फ्लेक्स होता. मी फोटो पाठवला नव्हता, म्हणून त्यांनी गोणपाटाबरोबरचा तो फोटो कापून वापरला होता. वहिनींच्या खांद्यावर कुणाचा तरी अंगठीवाला हात तसाच राहिला होता. प्रवेशद्वाराशी सिमेंटची दोन पुरुष उंचीची घागर, तिच्यातून रंगीत दिव्यांचं पाणी पडतं. तिला ‘इतिहास कारंजं’ म्हणतात. अध्यक्षांनी जाहीर केलं की घागरीसमोरच्या सेल्फी पॉइंटला मॅडमचं नाव देण्यात येईल. टाळ्या झाल्या. शोकसभेत टाळ्या! कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मी उठलो आणि जागा शोधायला लागलो. बोर तोडलेली होती. पण विहीर होती, आणि मारुतीच्या देवळाचा कळसही जागेवर होता. या दोघांच्या सरळ रेषेत उभं राहायचं आणि ओहोळाचं वळण डाव्या खांद्याशी आलं की थांबायचं. वहिनींनीच दाखवून ठेवलं होतं. थांबलो तिथे पायाखाली सिमेंटचे ठोकळे होते, आणि बुंध्याच्या जागी पेंग्विनच्या आकाराची कचरापेटी. नाशिक जिल्ह्यात पेंग्विन. चोच उघडी, आत वेफर्सची पाकिटं.

तरी मी वाकलो. गुडघा बोंबलला. ठोकळ्यांमधल्या फटीशी खापर ठेवलं. ठसा वर, टोक विहिरीकडे. आणि उभा राहायच्या आत मागून शिट्टी वाजली.

‘ओ बाबा!’ उद्यानाचा रखवालदार काठी आपटत आला. ‘कचरा खाली नाय टाकायचा. डबा समोर हाय की.’

‘कचरा नाही, खापर आहे,’ मी म्हणालो.

त्यानं वाकून पाहिलं. ‘मग टाका ना डब्यात. फुटलेलंच हाय.’

मी त्याच्यावर ओरडलो नाही. तो त्याचं काम चोख करत होता, त्या आवारात तसं करणारा तो एकटाच असावा. मी खापर उचललं. उचलण्याआधी, सवयीनं, एकदा नीट बघून घेतलं. ठसा वर, टोक विहिरीकडे. मग ते खिशात टाकलं आणि फाटकाकडे निघालो.